केवळ उंदीर मारून भागणार नाही

नागपूरसह विदर्भात २०१८च्या पावसाळ्यात 'स्क्रब टायफस'ने बळी घेतले. या रोगाचा संबंध शेतातील उंदरांशी असला, तरी खरा वाहक आहे तो त्यांच्या अंगावर पोसला जाणारा 'चिगर माईट' हा कोळीवर्गीय जीव. त्याची जेमतेम दिसणारी अळी चावली, की रोगजंतू माणसात शिरतात. मादी हे जंतू अंड्यांतून पुढच्या पिढीलाही देते. त्यामुळे विषारी आमिषाने पीक वाचले तरी रोग हटत नाही. उलट उंदीर मेल्यावर भुकेल्या अळ्या माणसाला चावण्याचा धोका वाढतो. मूषकनियंत्रणाला बांधावरील झुडपांची सफाई, अंगभर कपडे आणि ताप येताच तपासणी व डॉक्सिसायक्लिनचे उपचार यांची जोड हवी. त्यासाठी कृषी व आरोग्य खात्यांनी एकत्रित आखणी करणे अगत्याचे आहे.