कॉलर उलटवून मिळेल?

मागच्या जानेवारीत कॉलेजच्या ग्रुपवर एक नोटीस पडली. मुलाखतींना येताना फॉर्मल शर्ट, फॉर्मल पँट, काळे बूट आणि ब्लेझर ‘कम्पल्सरी’. मी मोबाइल पालथा ठेवला आणि कपाट उघडलं. कपाट म्हणजे काय, पुण्यात कॉट बेसिसवर राहणाऱ्याच्या वाट्याला लोखंडी कपाटाचे जे दोन कप्पे येतात, ते. मेसचे पैसे बाजूला काढल्यावर खात्यात पंधराशे रुपये उरत होते.

हा हिशेब तुमच्यापैकी अनेकांच्या ओळखीचा असेल. शिक्षण संपत आलेलं असतं, कमाई सुरू झालेली नसते आणि अकरावी-बारावीत घेतलेले कपडे नेमके याच वर्षी जीव सोडायला लागतात. घरी पैसे मागायची लाज वाटते. मग आपण फोनवर सेल उघडतो. मीही उघडला होता. त्याआधीच्या दिवाळीत २९९ रुपयांचा एक टी-शर्ट घेतला होता. तीन धुण्यांत त्याची बाजूची शिवण फिरून पोटावर आली. तो अजून आहे माझ्याकडे, फरशी पुसायला.

या वेळी मी वेगळं केलं. सगळे कपडे काढून कॉटवर पसरले आणि एकेक उजेडात धरून पाहिला. पाच शर्ट, तीन जीन्स, एक फॉर्मल पँट, टी-शर्टांचा ढीग. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली, ती तुम्हीही करून बघा. पूर्ण गेलेला कपडा जवळजवळ नसतोच. कपडा एका जागी जातो. शर्ट कॉलरला जातो, जिथे मान घासते. जीन्स मांड्यांच्या आतल्या बाजूला विरते, त्यात तुम्ही सायकल चालवत असाल तर आणखी लवकर. टी-शर्ट गळ्याला सैल पडतो, कुर्ता काखेत उसवतो, पँटची दुमड टाचेखाली येऊन झिजते. बाकीचं नव्वद टक्के कापड ठणठणीत असतं आणि त्या एका जागेसाठी आपण अख्खा कपडा बाद करतो.

रात्री आईला फोन केला. म्हणालो, दोन चांगले शर्ट कॉलरला फाटलेत. ती म्हणाली, “अरे, मग कॉलर उलटवून घे ना. तुझ्या आजोबांचे सगळे शर्ट तसेच असायचे. मास्तर होते, कुणाला कळलं का कधी?”

मला हे माहीतच नव्हतं. बावीस वर्षांचा झालो, मास कम्युनिकेशनची पदवी जवळजवळ हातात आली आणि शर्टाची कॉलर उलटवता येते हे मला ठाऊक नव्हतं! तुम्हालाही नसेल तर सांगतो. कॉलर म्हणजे कापडाचे दोन थर आणि मध्ये बकरम. ती खालच्या पट्टीत शिवलेली असते. शिंपी ती शिवण उसवतो, कॉलर पालथी करतो आणि परत टीप मारतो. फाटलेली बाजू खाली जाते, कोरी बाजू वर येते. दोन गोष्टी बघून घ्या. काही शर्टांच्या कॉलरच्या टोकात प्लास्टिकची पट्टी सरकवायची खाच असते, ती उलटवल्यावर वर दिसते. आणि काही शर्टांना आतून वेगळ्या रंगाचं कापड लावलेलं असतं, तिथे हा उपाय चालत नाही. तसंच, हे एका शर्टाला एकदाच करता येतं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक अल्टरवाले काका बसतात. जिन्याखाली मशीन, वर एक पिवळा बल्ब. त्यांना भीतभीत विचारलं, “काका, कॉलर उलटवून मिळेल?” त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “मिळेल की. पण तुमच्या वयाचं कोणी विचारत नाही आता. ठेवून जा, परवा ये.” एका कॉलरचे सत्तर रुपये.

जीन्सही त्यांच्याकडेच नेल्या. तिथे ते जरा रागावले. “भोक पडल्यावर काय आणतोस? कापड उजेडात पारदर्शक दिसायला लागलं की आणायची.” त्यांचं बरोबर होतं. विरलेल्या जागी आतून तुकडा लावून वरून बारीक पुढे-मागे टिपा मारल्या तर बाहेरून जवळपास दिसत नाही, कारण टिपा मूळ कापडाच्या रंगाच्या असतात. भोक पडल्यावर मात्र काठ धरायला कापडच उरत नाही. जीन्स ताणणारी असेल तर आतला तुकडाही ताणणाराच हवा, नाहीतर पहिल्यांदा खाली बसलात की शेजारून फाटते. माझी तिसरी जीन्स या तुकड्यांसाठी कामी आली. पोटऱ्यांवरचं कापड कधीच झिजत नाही, हे तेव्हा कळलं.

रंगाचा प्रयोग मी स्वतः केला आणि तो अर्धा फसला, म्हणून तो नीट सांगतो. काळ्या जीन्सचा राखाडी रंग झाला होता. किराणा दुकानात मिळणारी काळ्या रंगाची पुडी आणली, कडकडीत पाण्यात मीठ आणि रंग घातला, जीन्स त्यात बुडवून काठीने हलवत राहिलो. जीन्स मस्त काळी झाली. फक्त शिवणीचे दोरे होते तसेच नारिंगी राहिले, कारण ते पॉलिस्टरचे असतात. सोबत एक टी-शर्टही ढकलला होता, तो मळकट करडा होऊन बाहेर आला. तोही पॉलिस्टर. ही साधी पुडी सुती कापडावरच चालते. लेबल निघून गेलं असेल तर आतल्या शिवणीतून एक दोरा ओढा आणि बेसिनवर धरून पेटवा. सूत कागदासारखं जळतं आणि मऊ राख होते. पॉलिस्टर वितळतं आणि टोकाला कडक मणी उरतो. आणि हो, रंगवायला घेतलेलं पातेलं परत स्वयंपाकाला वापरू नका. आमच्या रूममध्ये यावरून भांडण झालं आहे.

जुना रंग टिकवायचा तर उपाय फुकटातले आहेत. गडद कपडे उलटे करून गार पाण्यात धुवा, सावलीत वाळत घाला. आमच्या गच्चीवरच्या एप्रिलच्या उन्हाने माझे जेवढे कपडे फिके केले, तेवढे कुठल्याच साबणाने केले नाहीत.

“मुलांचं बरं असतं,” माझी एक वर्गमैत्रीण हे सगळं ऐकून म्हणाली. “तू तोच निळा शर्ट आठवड्यातून दोनदा घातलास तर कुणी बघत नाही. मी तोच कुर्ता दोनदा घातला तर तिसऱ्या दिवशी कुणीतरी विचारतंच.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि नाही. फोटो टाकले जातात, आधीचा फोटो स्क्रोल करून काढला जातो, आणि ते करणारे बरेचदा आपलेच मित्र असतात. तिने काय केलं ते मात्र लिहायला हवं. तिला घट्ट झालेले दोन कुर्ते तिने बाजूने उसवून पाहिले. आत दोन्हीकडे बोटभर कापड दाबलेलं होतं. आपल्याकडे त्याला ‘माया’ म्हणतात. गावच्या शिंपीणकाकूंनी मुलगी वाढेल म्हणून ठेवली होती. कुर्ते परत अंगात आले. दुकानातल्या रेडिमेड कुर्त्यात ही माया शोधून बघा, बहुतेकदा जेमतेम शिवण धरण्यापुरती असते. घेतानाच आतली बाजू उलटून बघायची सवय लावली तर अर्धी फसवणूक तिथेच कळते.

आईच्या जुन्या साडीचा कुर्ता शिवायची कल्पना सध्या जोरात आहे. साडी साधारण साडेपाच मीटर असते, त्यामुळे कापड भरपूर निघतं. पण कपाटात वर्षानुवर्षं एकाच घडीवर ठेवलेली रेशमी साडी घडीच्या रेषेवर चिरते. शिलाईचे पैसे देण्याआधी घडीवर दोन्ही हातांनी हलकं ताणून बघा. आणि आईला आधी विचारा, हे सांगायला नकोच.

सेकंडहँड घ्यायचं असेल तर पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार आहे. वासाला घाबरायचं कारण नाही, तो धुतल्यावर बहुतेकदा जातो. बघायचं ते काख, बैठकीची जागा आणि चेन.  एक गंमत अशी, की जुने कपडे घेण्यात कमीपणा मानणाऱ्या आपल्याच घरांतून वर्षानुवर्षं बोहारणीला जुने कपडे देऊन स्टीलची भांडी घेतली गेली. ते कपडे पुढे कुणीतरी घालतच होतं.

कुणी म्हणेल, एवढी उठाठेव कशाला, स्वस्तात नवीन मिळतं की. मिळतं. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि अकराशेहून जास्त माणसं गेली. त्यातले बहुतेक परदेशी ब्रँड्सचे कपडे शिवणारे कामगार होते. स्वस्त शिलाईची किंमत कुणीतरी मोजतं, हे तेव्हा जगाला दिसलं. पण मी हे दोनशे रुपयांत लेकराला स्वेटर घेणाऱ्या बाईला ऐकवणार नाही, आणि तुम्हीही ऐकवू नका. हे मी माझ्यासारख्यांना ऐकवतोय, जे दर सेलला ‘गरज नव्हती पण स्वस्त होता’ म्हणत तीन घेतात.

आता ब्लेझर. आमच्या मजल्यावर अकरा मुलं आणि ब्लेझर एक, नेव्ही ब्लू, एकाच्या भावाच्या लग्नातला. त्या आठवड्यात त्याने सात मुलाखती दिल्या. एका उंच मित्राच्या मनगटापासून चार बोटं वर बाही. दुसऱ्याच्या खांद्यावरून तो घसरत होता, म्हणून त्याने मुलाखतभर हात हलवला नाही. दोघांनाही आतमध्ये प्रश्नांपेक्षा बाहीची चिंता जास्त होती. एक जण तर आलाच नाही, कारण त्याची वेळ आणि ब्लेझरची वेळ जुळली नाही. समोर बसलेल्या कंपनीच्या माणसांपैकी निम्मे टी-शर्टवर होते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

माझा प्रश्न कॉलेजांना आहे. ‘कम्पल्सरी’ लिहिताना हे कपडे कुठून येणार याचा विचार कुणी करतं का? नीटनेटकं असावं, हे मान्य. स्वच्छ, इस्त्री केलेला, न फाटलेला शर्ट, एवढं लिहा. ब्लेझर हवाच असेल तर ऑफिसच्या कपाटात वेगवेगळ्या मापांचे सहा-आठ ठेवा. पदवीदानाला तुम्ही अनामत घेऊन गाऊन देता आणि संध्याकाळी परत घेता, तसंच. एका गॅदरिंगच्या मंडपाच्या खर्चातून हे होईल. आणि विद्यार्थी प्रतिनिधींनो, हा मुद्दा तुम्ही मांडायचा आहे. थम्ब्स अप देऊन मोकळं होऊ नका. ज्याच्याकडे ब्लेझर नाही तो ग्रुपवर ते लिहिणार नाही. मीही लिहिलं नव्हतं.

माझा हिशेब असा झाला. दोन कॉलर १४०, दोन जीन्स १२०, फॉर्मल पँटची कंबर सोडवून दुमड परत घालणं ८०, रंगाची पुडी ४०, शर्टाची बटणं ३०, मोच्याकडे बुटाचा सोल शिवून पॉलिश १५०. हे ५६० झाले. उरलेल्यात एक नवा शर्ट. तो मी रेडिमेड घेतला नाही. लक्ष्मी रोडवर कटपीसच्या दुकानात फिकट निळ्या सुती कापडाचा तुकडा ३५० ला मिळाला आणि काकांनी ४५० मध्ये शिवला. एकूण १३६०. बाकी १४० रुपयांत आम्ही चौघांनी मिसळ खाल्ली, तीही दोन प्लेट आणि जादा पाव.

मुलाखतीला मी ब्लेझर न घालता गेलो, उलटवलेल्या कॉलरच्या शर्टात. दारावरच्या समन्वयकांनी विचारलं, ब्लेझर कुठे आहे? म्हणालो, “सर, नाहीये.” त्यांनी क्षणभर पाहिलं आणि आत सोडलं. आत कुणीच काही विचारलं नाही.

नवा शर्ट घ्यायला गेलो तेव्हा काकांनी सोबत एक पुरचुंडी दिली. शिवून उरलेलं निळं कापड होतं. आजकाल कुणी मागत नाही म्हणून टाकून देतो, म्हणाले. “जपून ठेव. दोन वर्षांनी कॉलर जाईल तेव्हा घेऊन ये. उलटवायची गरज नाही, नवीच लावू.” ती पुरचुंडी आता कपाटाच्या खालच्या कप्प्यात आहे, फरशीच्या टी-शर्टाशेजारी.