बीजांड पिकते कसे?

कत्तलखान्यातून थर्मासमध्ये आलेल्या डुकरिणीच्या अंडाशयावर बारीक, पारदर्शक फुगवटे दिसतात. सुईने त्यांतला द्रव ओढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की बीजांडे नजरेस पडतात. चरबीच्या थेंबांमुळे ती काळपट असतात आणि त्यांच्याभोवती पेशींचा दाट गराडा असतो. पुढचे 42 ते 44 तास ती उबदार द्रावणात पिकायची असतात.

सगळी मेख इथेच आहे. ही बीजांडे बहुधा वयात न आलेल्या माद्यांची असतात. वरून पिकलेली दिसली तरी आतून कच्ची राहतात. शिवाय एकाच बीजांडात अनेक शुक्रजंतू शिरण्याचे प्रमाण डुकरात फार. अशा गर्भातून निरोगी पिल्लू जन्मण्याची आशा जवळजवळ नसतेच.

2017 मध्ये अमेरिकेतल्या मिसूरी विद्यापीठातील रँडल प्रेथर, मायकेल रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी या द्रावणात एफजीएफ-2, लिफ आणि आयजीएफ-1 ही तीन प्रथिने एकत्र घातली. जनुकबदल केलेली पिल्ले मिळण्याची कार्यक्षमता चौपट झाली.

ही मोठी गोष्ट आहे. सशक्त गर्भ हाताशी असले, तर गर्भ रोवण्यासाठी कमी माद्यांच्या पोटावर सुरी चालवावी लागते. डुकरांच्या 'पीआरआरएस' रोगाला दाद न देणारी पिल्ले असोत, की जानेवारी 2022 मध्ये बाल्टिमोरला डेव्हिड बेनेट या रुग्णाच्या छातीत धडधडलेले डुकराचे हृदय, त्यांची सुरुवात अशा एका बीजांडातूनच होते.

या अंकाची मुखकथा त्या द्रावणाच्या बशीपासून सुरू होते.