ताटाची शीव

चकलीचा तुकडा मोडत दिवाळी अंक चाळणाऱ्या वाचकांपुढे मिताहाराची गोष्ट काढणे म्हणजे लग्नाच्या पंगतीत एरंडेलाची बाटली उघडण्यासारखे आहे, हे मी जाणून आहे. तरीही काढतो. कारण गेल्या वर्षभरात आमच्या घरी जे घडले, ते आधी ताटात घडले आणि मग घरभर पसरले.

आम्ही शीवला राहतो. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. शीव म्हणजे हद्द. मुंबई बेट इथे संपे आणि पलीकडे साष्टी सुरू होई. ती हद्द राखण्यासाठी इंग्रजांनी सतराव्या शतकात टेकडीवर किल्ला बांधला. जन्मभर आम्ही हद्दीवर राहिलो, पण घरात हद्द म्हणून कशाला नव्हती! माळ्यावर डबे, पलंगाखाली बरण्या, दाराआड पिंपे. पाहुणा आला की आधी खुर्चीवरचे सामान उचलायचे आणि मग "बसा" म्हणायचे. अखेर चिरंजीवांनी निकाल दिला, "बाबा, इथे जागा पुरत नाही. हे विकू आणि ठाण्याला मोठी जागा घेऊ." कागदपत्रांची जुळवाजुळव सुरू झाली. मन तेवढे तयार होईना.

एवढ्यात माझ्या रक्तदाबाने डोके वर काढले. डॉक्टरांच्या चिठ्ठीत औषधे दोन आणि निषेध पाच: लोणचे नको, पापड नको, फरसाण नको, तळण नको, मीठ अगदी बेताचे. ती यादी मी घरी खालच्या आवाजात वाचून दाखवली. माझ्यासाठी एखादे पातेले वेगळे चढेल, एवढीच माझी कल्पना. पण सौ. म्हणाली, "वेगळं काही व्हायचं नाही. तुम्ही खाल तेच मी खाईन. तुमच्यासमोर बसून लोणचं चाटायला मी काय तुमची वैरीण आहे?"

मला गांधीजींच्या आत्मकथेतला प्रसंग आठवला. दक्षिण आफ्रिकेत कस्तुरबा आजारी असताना त्यांनी मीठ आणि डाळ सोडावी म्हणून गांधीजी मागे लागले. बा म्हणाल्या, "तुम्हाला कुणी सांगितलं तर तुम्हालाही सुटायचं नाही," अशा अर्थाचे काहीतरी. झाले! गांधीजींनी तिथल्या तिथे वर्षभरासाठी दोन्ही सोडली. आमच्याकडे गाडी उलट दिशेने गेली. आजारी मी आणि सोडले तिने. शिवाय तिने आत्मकथाही लिहिली नाही.

त्याच पुस्तकात पुढे १९१५ सालची हकीकत आहे. गांधीजी तेव्हा फळांवर राहत. कलकत्त्याला ते भूपेंद्रनाथ बसूंकडे उतरले, तेव्हा शहरात मिळतील तेवढी फळे आणि सुका मेवा त्यांच्यासाठी आणला गेला. घरातल्या बायका रात्र रात्र जागून बदाम-पिस्ते सोलत बसल्या. आपले 'साधे' खाणे दुसऱ्याला केवढ्याला पडते, हे त्यांना बोचले. पुढे हरिद्वारच्या कुंभमेळ्यात त्यांनी व्रत घेतले: दिवसाच्या चोवीस तासांत पाचांहून अधिक पदार्थ घ्यायचे नाहीत आणि अंधार पडल्यावर खायचे नाही.

हे मी मोठ्याने वाचले. सौ.ने बोटे मोजली. "भाकरी, भाजी, डाळ, ताक आणि एखादं फळ. झाले पाच. फोडणी मात्र मी मोजणार नाही." गांधीजींना फोडणीची ही सवलत मंजूर झाली नसती, पण स्वयंपाकघर त्यांचे नव्हते.

पदार्थ कधी एकटा येत नाही, बिऱ्हाडासकट येतो, हे मला तेव्हा कळले. लोणचे म्हटले की बरणी आली, बरणीसाठी फळी आली, फळीसाठी कपाट आले आणि कपाटासाठी मोठी खोली आली. तळण गेले तशी मोठी कढई, झारे आणि तेलाचे डबे रिकामे बसले. पापड नाहीत म्हणून पापडांचे पिंप नाही. वीस वर्षे 'पाहुण्यांसाठी' जपलेला चिनी मातीचा संच भाचीच्या घरी गेला. माळा उतरला आणि पलंगाखालून चक्क फरशी दिसली. मग कपड्यांचे कपाट उघडले गेले. मला किती सदरे लागतात, हा प्रश्न मला आजवर कुणी विचारलाच नव्हता! एके दिवशी चिरंजीव आले, घरभर हिंडले आणि म्हणाले, "बाबा, ठाण्याचं एवढ्यात राहू दे." आमचे घर आमच्याच घरातून निघाले!

फुगून जाऊन मी चार ठिकाणी साधेपणावर प्रवचने दिली. सौ. म्हणाली, "मीठ सोडलंत, आता बोलणंही बेतात ठेवा. रुळांपलीकडे धारावीत एका खोलीत सहा-सहा माणसं राहतात. त्यांचं सामान कमी आहे, ते काही व्रत नव्हे." मी गप्प झालो. हातात घेऊन खाली ठेवणे वेगळे आणि हातात काही येऊच न देणे वेगळे.

१९६५ साली शास्त्रीजींनी सोमवारी रात्री एक जेवण सोडण्याचे आवाहन केले, तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. आमच्याकडेही सोमवारी रात्री चूल पेटत नसे. भुकेची आठवण फारशी नाही. आठवते ते एवढेच, की त्या रात्री आई मोकळी असे आणि आम्हांला जवळ घेऊन गोष्टी सांगे. बाकीच्या सहा रात्री ती कुठे असे, हा विचार साठ वर्षे माझ्या मनात आला नाही. हल्ली सौ. सकाळी किल्ल्याखालच्या बागेत फिरायला जाते. लग्न होऊन ती शीवला आली, त्याला चव्वेचाळीस वर्षे झाली. किल्ल्याची पायरी ती यंदा पहिल्यांदा चढली.

परवा रिकाम्या फळीवर एकच वस्तू उरलेली दिसली: पितळी सोऱ्या. "हा का ठेवलास?" मी विचारले.

"तो सासूबाईंचा. हद्द तुमच्या डॉक्टरांनी आखली, पण हद्दीच्या आत काय ठेवायचं ते मी ठरवणार."

यंदा फराळाला चकली तेवढी झाली. नातवंडांना आणि शेजाऱ्यांना डबे भरून. माझ्या वाट्याला बोटभर तुकडा आला, तोही तिने स्वतः मोडून दिलेला. तो मी पाच मिनिटे पुरवला. गेल्या कित्येक दिवाळ्यांत ताटभर चकल्या खाल्ल्या, पण तिच्या हातच्या चकलीत ओवा असतो, हे मला यंदा कळले.