दीड तासाची पाळी

झोपण्याची व स्वयंपाकाची सोय असलेली कॅम्परगाडी, सोबत दोन वर्षांचे मूल आणि दोन कुत्री. असा लवाजमा घेऊन अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात जाणाऱ्या कुटुंबास पैशाआधी वेळेचा हिशेब मांडावा लागतो. १८७२ साली स्थापन झालेल्या या उद्यानात पायवाटांवर आणि उष्ण कुंडांलगतच्या लाकडी वाटांवर कुत्र्यांना मज्जाव आहे. रस्ता, वाहनतळ वा मुक्कामाची जागा यांपासून शंभर फुटांच्या आत, तेही सहा फुटांहून लांब नसलेल्या पट्ट्याने बांधूनच त्यांना फिरवता येते.

नियम जाचक वाटतो खरा. परंतु १९८१ साली येथील एका कढत कुंडात एक कुत्रे झेपावले. त्याला वाचवण्यासाठी मालकाच्या मित्राने उडी घेतली. दोघेही दगावले.

म्हणून आई मुलाला घेऊन ‘ओल्ड फेथफुल’ हे उष्ण कारंजे पाहते, तोवर वडील कुत्र्यांपाशी थांबतात; नंतर पाळी बदलते. कारंजे साधारण दीड तासाने उसळते. एका देखाव्यासाठी अशी अर्धी दुपार जाते.

‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून मुलाला वा कुत्र्यांना बंद गाडीत ठेवणे मात्र सर्वथा वर्ज्य. बाहेर २४ अंश सेल्सिअस असताना आतील तापमान दहा मिनिटांत ३४, अर्ध्या तासात ४३ अंशांपर्यंत चढते; काच थोडी उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही. लहान मुलाचे शरीर प्रौढांपेक्षा तीन ते पाच पट वेगाने तापते. कुत्र्याला तर धापा टाकण्यावाचून दुसरा उपाय नसतो. दोघांनाही दार उघडता येत नाही.