उल्हास आणि वालधुनी : आपल्या दारच्या नद्या

बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर पट्ट्यातल्या आपल्या मुलांना गोदावरीचा उगम तोंडपाठ असतो. पण उल्हास नदी कुठून येते असे विचारले, तर पोरे एकमेकांकडे बघतात. उल्हासनगरला १९४९ साली नाव मिळाले ते याच नदीचे. त्याआधी तो लष्कराचा कल्याण कॅम्प होता आणि फाळणीनंतर तेथे सिंधी निर्वासित आले. जुनी माणसे अजून ‘कॅम्प’च म्हणतात.

उल्हास राजमाचीच्या डोंगरात उगम पावते. कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर करीत ती कल्याणच्या खाडीला आणि पुढे वसईजवळ समुद्राला मिळते. सारी लांबी सव्वाशे किलोमीटरच्या आत. पण उगमाजवळ कोंडाण्याची बौद्ध लेणी आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीची. वाटेत कल्याण बंदर, तेथील दात्यांची नावे कान्हेरीच्या शिलालेखांत कोरलेली आहेत. आणि मुखाजवळ सोपारा. तेथे १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूप उकरला, सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही मिळाला. ही नदी धम्माच्या वाटेवरची आहे, असे आम्ही म्हणतो ते यासाठी. दिवाळीच्या सुट्टीत कर्जतला उतरून मुलांना कोंडाणे अवश्य दाखवा. पावसाळ्यात मात्र नको, वाट निसरडी असते.

वालधुनी ही तिला मिळणारी धाकटी नदी. अंबरनाथजवळच्या डोंगरातून निघते, १०६० सालच्या शिवमंदिराला लागून वाहते, उल्हासनगर ओलांडून कल्याणला जाते. आज तिला नाला म्हणतात. कारखान्यांचे रसायन आणि शहरांचे सांडपाणी तिच्यात सोडले गेले. नोव्हेंबर २०१४ मध्ये रात्री टँकरमधले रसायन पात्रात ओतले गेले, तेव्हा वायूने उल्हासनगरात शेकडो लोकांना श्वास घेणे कठीण झाले, त्यांना इस्पितळात न्यावे लागले. काठावर कोण राहते हे आमच्या वाचकांना सांगायला नको. नदी तुंबली की बोट झोपड्यांकडे दाखवले जाते. टँकर रिकामा करणाऱ्याचे नाव मात्र कोणी घेत नाही.

शाक्य आणि कोलीय रोहिणीच्या पाण्यावरून भांडले आणि युद्धाला विरोध केल्यामुळे सिद्धार्थाला घर सोडावे लागले, हे बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये लिहिले आहे. पाण्याचा प्रश्न आपल्याला नवा नाही.

२६ जुलै २००५ ला दोन्ही नद्या वस्त्यांत शिरल्या. २७ जुलै २०१९ ला उल्हासच्या पुराने महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ अडवली, हजाराहून अधिक प्रवासी बोटींनी काढावे लागले. घरात शिरलेल्या पाण्यात भांडी वाचतात, कागद वाचत नाहीत. म्हणून काठावरच्या भगिनींनी जूनपूर्वीच रेशनकार्ड, जातीचा दाखला, मुलांच्या गुणपत्रिका प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर ठेवाव्यात, आणि झेरॉक्सचा एक संच उंचावर राहणाऱ्या नातेवाइकाकडे द्यावा.