मालकी गेली, वहिवाट उरली

१९८२ साली सोनी आणि फिलिप्स या कंपन्यांनी जी चकचकीत तबकडी बाजारात आणली, त्या सीडीत एका सेकंदात ध्वनीची ४४,१०० वेळा मोजदाद होते. आणि आज इंटरनेटवरून घरच्या स्पीकरपर्यंत येणाऱ्या काही संगीतसेवा तेवढीच, किंबहुना अधिक सूक्ष्म मोजदाद अविकृत स्वरूपात पुरवीत असल्यामुळे, केवळ नादाच्या शुद्धतेची फिर्याद घेऊन तबकडीची वकिली करणाऱ्यांचा दावा आता टिकण्याजोगा राहिलेला नाही. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मिळत, आणि उस्ताद अब्दुल करीम खाँसारख्या गवयालाही अख्खा राग तेवढ्यात आटोपावा लागे. त्या जाचातून तर एलपीनेच सुटका केली होती.

माझी तक्रार निराळी आहे. तबकडी घेणारा तिचा मालक असे, ती मित्राला उसनी देई, मुलाच्या हवाली करी. मासिक वर्गणी भरणारा मात्र निव्वळ कूळ, आणि हक्कदाराशी झालेला करार संपताच एखादे ध्वनिमुद्रण यादीतून बेदखल झाले, तर दाद मागावी अशी कचेरीही त्याला नाही. त्याहून मला सलते ते (याला कोणी म्हातारपणची कुरकुर म्हणो) एलपीच्या वेष्टनावर तबलजी, हार्मोनियमवादक, ताल यांचा जो तपशील असे, त्याचे लोप पावणे: पडद्यावर गायकाचे नाव झळकते, साथीदार बहुधा बेनाव. अफाट संग्रह क्षणार्धात धुंडाळणाऱ्या यंत्रणेला चार नावांची नोंद जड व्हावी, ही सबब पटत नाही. आणि ती नोंद होईपर्यंत तरी जुन्या तबकड्या भंगारवाल्याच्या तराजूत घालण्याची घाई कुणी करू नये.