विश्लेषण : मैदानावर पडलेल्या खेळाडूची जबाबदारी कुणाची? अमेरिकेतल्या ४९ राज्यांत नियम, मग कॅलिफोर्नियातच का नाही?

२ जानेवारी २०२३. अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात बफेलो बिल्स आणि सिनसिनाटी बेंगल्स यांच्यात फुटबॉलचा सामना रंगला होता. बिल्सचा २४ वर्षांचा बचावपटू डमार हॅमलिनने प्रतिस्पर्ध्याला अडवलं, तो उठून उभा राहिला आणि पुढच्याच क्षणी कोसळला. त्याचं हृदय बंद पडलं होतं. टीव्हीसमोर बसलेल्या लाखो लोकांना काय झालंय हे कळायच्या आत डेनी केलिंग्टन हे मैदानात पोहोचले होते आणि त्यांनी हॅमलिनला सीपीआर द्यायला सुरुवात केली होती. हॅमलिन वाचला. त्याच वर्षी तो पुन्हा मैदानात उतरला.

केलिंग्टन डॉक्टर नाहीत. ते बिल्स संघाचे सहायक ॲथलेटिक ट्रेनर. अमेरिकेत शाळेपासून व्यावसायिक संघांपर्यंत हे लोक दिसतात. बहुतेक राज्यांत त्यांना कामासाठी राज्य सरकारचा परवाना लागतो. एका राज्यात मात्र असा कुठलाही परवाना नाही. ते राज्य म्हणजे कॅलिफोर्निया. लोकसंख्येने देशातलं सर्वांत मोठं, आणि हजारो मराठी कुटुंबं जिथे स्थायिक झाली आहेत ते.

ॲथलेटिक ट्रेनर म्हणजे जिम ट्रेनर का?

नाही. गोंधळ होतो तो इथेच. आपल्याकडे 'ट्रेनर' म्हटलं की जिममध्ये वजनं उचलायला शिकवणारा माणूस डोळ्यासमोर येतो. अमेरिकेतही अनेकांचा हाच समज असतो. प्रत्यक्षात ॲथलेटिक ट्रेनर हा आरोग्यसेवेतला व्यवसाय आहे. दुखापत होऊ नये म्हणून काळजी घेणं, झाल्यास ती मैदानावरच ओळखणं, तातडीचे उपचार करणं आणि नंतर खेळाडूला पुन्हा उभं करणं हे त्यांचं काम. हे काम ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली किंवा त्यांनी ठरवून दिलेल्या चौकटीत करतात.

या व्यवसायाची राष्ट्रीय संघटना १९५० मध्ये स्थापन झाली. आता या क्षेत्रात येण्यासाठी पदव्युत्तर शिक्षण लागतं. तसा निर्णय २०१५ मध्ये झाला आणि २०२२ नंतर पदवी पातळीच्या अभ्यासक्रमांत नवे प्रवेश बंद झाले. शिक्षण संपलं की 'बोर्ड ऑफ सर्टिफिकेशन' म्हणजेच बीओसी या संस्थेची परीक्षा द्यावी लागते. प्रमाणपत्र टिकवण्यासाठी दर दोन वर्षांनी ठरावीक तासांचं प्रशिक्षणही पूर्ण करावं लागतं.

मग परीक्षा असताना परवाना कशाला?

बीओसी ही खासगी संस्था आहे. ती प्रमाणपत्र देऊ शकते, चूक झाली तर ते काढूनही घेऊ शकते. पण प्रमाणपत्र गमावलेल्या माणसाला काम करण्यापासून रोखण्याचा अधिकार तिच्याकडे नाही. तो अधिकार कायद्याने फक्त राज्याला मिळतो.

अमेरिकेत आरोग्य व्यावसायिकांचे परवाने केंद्र सरकार देत नाही, प्रत्येक राज्य आपापले नियम करतं. ॲथलेटिक ट्रेनरसाठी पहिला परवाना कायदा टेक्सासने १९७१ मध्ये केला. पुढची चार दशकं एकेक राज्य त्या वाटेने गेलं. अलास्काने २०१४ मध्ये कायदा केला आणि यादीत कॅलिफोर्निया एकटं उरलं. उरलेल्या ४९ राज्यांत आणि राजधानी वॉशिंग्टन डीसीमध्ये कुठे परवाना, कुठे नोंदणी, कुठे सरकारी प्रमाणन अशी काही ना काही व्यवस्था आहे.

या कायद्यांत साधारण चार गोष्टी असतात :

- हे काम कोण करू शकतं, म्हणजे शिक्षण आणि परीक्षा.
- काय करू शकतं आणि काय नाही, म्हणजे कामाची हद्द.
- कुणाच्या देखरेखीखाली करायचं.
- तक्रार आली तर चौकशी कोण करणार आणि शिक्षा काय.

यातली चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आपल्या मुलाच्या बाबतीत हलगर्जीपणा झाला असं एखाद्या पालकाला वाटलं, तर परवाना असलेल्या राज्यात तक्रार घेऊन जाण्यासाठी एक सरकारी दार असतं. कॅलिफोर्नियात ॲथलेटिक ट्रेनरच्या बाबतीत ते दारच नाही. पालक कोर्टात जाऊ शकतात, शाळेकडे किंवा बीओसीकडे तक्रार करू शकतात. पण 'या व्यक्तीने इथून पुढे हे काम करायचं नाही' असं सांगणारं राज्याचं मंडळ अस्तित्वात नाही.

कॅलिफोर्नियात विधेयक आलंच नाही का?

आलं, अनेकदा आलं. दोन वेगवेगळ्या पक्षांच्या गव्हर्नरांनी ते अडवलं. रिपब्लिकन अर्नॉल्ड श्वार्झनेगर यांनी नकाराधिकार वापरला. पुढे डेमोक्रॅट जेरी ब्राऊन यांनीही तेच केलं. पदवीसारख्या अटींचा ट्रेनरवर अनावश्यक भार पडेल आणि त्या अटींची खरंच गरज आहे याचा पुरेसा पुरावा नाही, अशी ब्राऊन यांची भूमिका होती. नंतरचे प्रयत्नही तडीस गेले नाहीत.

विरोधाची दोन मुख्य कारणं आहेत. पहिलं व्यावसायिक हद्दीचं. दुखापतीनंतरचे व्यायाम आणि उपचार हे फिजिओथेरपिस्टचंही क्षेत्र. ॲथलेटिक ट्रेनरला कायद्याने हद्द आखून दिली की ती आपल्या अंगणात येणार, ही भीती त्यांच्या संघटनेला वाटत आली आहे.

दुसरं कारण तत्त्वाचं आहे आणि ते सहज झटकून टाकण्यासारखं नाही. अमेरिकेत परवान्यांचा पसारा फार वाढला आहे. व्हाइट हाऊसच्या २०१५ मधल्या अहवालानुसार, देशातल्या एक चतुर्थांशाहून अधिक कामगारांना कामासाठी परवाना लागतो. १९५० च्या दशकात हे प्रमाण याच्या एक पंचमांश होतं. प्रत्येक परवान्यासोबत शुल्क, अर्ज, वाट पाहणं आलं. त्यामुळे त्या क्षेत्रात येणाऱ्यांची संख्या घटते आणि सेवा महागते, असं अनेक अर्थतज्ज्ञ सांगतात. केस कापणाऱ्याला किंवा फुलांची सजावट करणाऱ्याला परवाना कशाला, हा प्रश्न रास्तच आहे.

पण तोच निकष इथे लावून पाहिला तर उत्तर उलट येतं. केस वाईट कापले गेले तर महिन्याभरात वाढतात. डोक्याला मार लागलेल्या मुलाला चुकून परत खेळायला पाठवलं तर ती चूक दुरुस्त होत नाही.

डोक्याच्या दुखापतीचा कायदा काय सांगतो?

२००६ मध्ये वॉशिंग्टन राज्यातला १३ वर्षांचा झॅकरी लिस्टेट शाळेच्या फुटबॉल सामन्यात डोक्यावर आपटला. थोडी विश्रांती घेऊन तो पुन्हा खेळला आणि सामना संपताच कोसळला. त्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करावी लागली. पुन्हा बोलायला, चालायला शिकण्यात त्याची पुढची अनेक वर्षं गेली. त्याच्या नावाने वॉशिंग्टन राज्याने २००९ मध्ये कायदा केला : मेंदूला धक्का बसल्याचा संशय आला की खेळाडूला लगेच बाहेर काढायचं आणि परवानाधारक आरोग्य व्यावसायिकाने लेखी परवानगी दिल्याशिवाय परत घ्यायचं नाही. २०१४ पर्यंत सर्व ५० राज्यांनी असे कायदे केले.

कॅलिफोर्नियाचाही त्यात समावेश आहे. तिथेही लेखी परवानगी 'परवानाधारक' व्यावसायिकाचीच लागते. म्हणजे ज्या माणसाने मुलाला रोज सरावात पाहिलं, जो मार लागला तेव्हा मैदानावर होता, जो या दुखापतीचंच शिक्षण घेऊन आला आहे, त्याला हा कायदा ओळखत नाही. कारण त्याच्यासाठी परवानाच नाही. डॉक्टरांचा शब्द अंतिम असावा, हे योग्यच. पण मैदानावर पहिला निर्णय घेणाऱ्याला कायद्यात जागाच नसावी, ही विसंगती राज्याने स्वतः तयार केलेली आहे.

सिलिकॉन व्हॅली किंवा लॉस एंजेलिस परिसरातल्या मराठी घरांतली मुलं शाळेच्या संघातून सॉकर, बास्केटबॉल खेळतात. त्यांच्या पालकांसाठी हा दूरचा कायदेशीर वाद नाही. संघात निवड झाली की सह्या करायला फॉर्म येतात. तेव्हा दोन प्रश्न विचारायला हरकत नाही : सराव आणि सामन्यांच्या वेळी ॲथलेटिक ट्रेनर हजर असतो का? आणि त्याच्याकडे बीओसीचं चालू प्रमाणपत्र आहे का?

संघ दुसऱ्या राज्यात गेला तर?

परवाना राज्यापुरता असल्याने आणखी एक पेच होता. टेक्सासचा ट्रेनर संघासोबत ओहायोत गेला आणि तिथे खेळाडूवर उपचार केले तर ते बेकायदा ठरू शकत होतं. त्याचा व्यावसायिक विमाही तिथे लागू होईलच याची खात्री नव्हती. २०१८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने हा पेच सोडवला. गंमत म्हणजे ही तरतूद मंजूर झाली ती विमान वाहतुकीच्या एका मोठ्या विधेयकाचा भाग म्हणून. संघासोबत प्रवास करणारे डॉक्टर आणि ट्रेनर यांनी परराज्यात दिलेली सेवा मूळ राज्यातच दिली असं आता मानलं जातं. त्यासाठीची एक मुख्य अट म्हणजे मूळ राज्याचा परवाना हवा. कॅलिफोर्नियाच्या ट्रेनरकडे दाखवायला तोच नसतो.

परवाना आला की प्रश्न सुटला?

नाही, आणि हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. मे २०१८ मध्ये मेरीलँड विद्यापीठाचा १९ वर्षांचा फुटबॉलपटू जॉर्डन मॅकनेअर सरावात उष्माघाताने कोसळला आणि जूनमध्ये त्याचा मृत्यू झाला. मेरीलँडमध्ये परवान्याचा कायदा होता. ट्रेनर हजर होते. तरीही त्याला बर्फाच्या पाण्यात बुडवून शरीर थंड करण्याचा साधा, खात्रीचा उपाय झाला नाही. या क्षेत्रात 'आधी थंड करा, मग रुग्णालयात हलवा' हा पहिल्या वर्षीचा धडा मानला जातो. विद्यापीठाने पुढे कायदेशीर आणि नैतिक जबाबदारी स्वीकारली.

दुसरी मर्यादा पैशांची. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत सुमारे ७० टक्के सरकारी हायस्कूलमध्ये ॲथलेटिक ट्रेनरची काही ना काही सेवा आढळली. पूर्णवेळ ट्रेनर मात्र ३७ टक्के शाळांतच होता. म्हणजे कायदा असलेल्या राज्यांतही कित्येक मैदानांवर खेळाडू कोसळला तर धावून येणारा असतो तो प्रशिक्षक किंवा एखादा पालक. परवाना ट्रेनरची पात्रता आणि जबाबदारी ठरवतो, त्याला मैदानावर आणून उभं करत नाही. त्यासाठी शाळेच्या अंदाजपत्रकात तरतूद लागते.

आपल्याकडे काय स्थिती?

महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टच्या नोंदणीसाठी राज्य परिषद आहे. केंद्राने २०२१ मध्ये विविध आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात फिजिओथेरपीपासून रेडिओलॉजीपर्यंत अनेक व्यवसाय आहेत. ॲथलेटिक ट्रेनर असा स्वतंत्र व्यवसाय मात्र त्यात नाही. मोठ्या क्रिकेट संघांकडे आणि प्रो-कबड्डीतल्या संघांकडे फिजिओ असतात. तालुक्याच्या कबड्डी स्पर्धेत गुडघा मुरगळला तर काय होतं, हे खेळलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे : थंड स्प्रे, घट्ट पट्टी आणि 'काही होत नाही, चल' असं म्हणत पुन्हा मैदानात.

त्यामुळे अमेरिकेतला कायदा उचलून इथे आणणं हे उत्तर नाही. आपल्याकडे आधी मैदानावर कुणीतरी शिकलेला माणूस असायला हवा. त्याची सुरुवात शाळांमधल्या क्रीडाशिक्षकांना सीपीआर, डोक्याची दुखापत आणि उष्माघात या तीन गोष्टींचं प्रशिक्षण सक्तीचं करण्यापासून होऊ शकते.

कॅलिफोर्नियाचा प्रश्न मात्र वेगळा आहे. तिथे शिकलेली माणसं आहेत, परीक्षा आहे, शेजारच्या राज्यांचा अनेक वर्षांचा अनुभव आहे. फिजिओथेरपिस्टच्या शंका असतील तर कामाची हद्द स्पष्ट लिहिता येते, बाकी राज्यांनी ती लिहिलीच आहे. शुल्काचा भार वाटत असेल तर तो कमी ठेवता येतो. परवाना चांगल्या कामाची हमी देत नाही, हे मेरीलँडने दाखवलं. पण चूक झाली तर जाब कुणाला विचारायचा, एवढं तो नक्की ठरवतो. आपलं मूल शाळेच्या मैदानावर पाठवणाऱ्या पालकाला एवढी तरी खात्री मिळायला हवी.